मूसीकाठचे चिंचेचे झाड

दिवाळीच्या सुटीत आम्ही हैदराबादला जाऊन आलो हे कळल्यापासून शाळेतल्या मैत्रिणी दोनच गोष्टी विचारत आहेत. बांगड्या कुठून घेतल्या आणि बिर्याणी कुठे खाल्ली? दोन्हींची उत्तरे देऊन झाली. पण या महिन्यात वाचकांना आम्ही चारमिनारच्या आधी अफजलगंजला नेणार आहोत. तिथे उस्मानिया दवाखान्याच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड उभे आहे. त्याला ना तिकीटखिडकी, ना वाटाड्या. दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे नातेवाईक त्याच्या सावलीत डबा उघडून बसतात. १९०८ च्या महापुरात दीडशे माणसे याच झाडावर चढून वाचली, असे हैदराबादचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

मराठवाड्यातल्या मुसलमान घरांना हैदराबाद परके नाही. १९४८ पर्यंत ती आमच्या आजोबांची राजधानी होती. कोर्टाचे काम, नोकरी, सोयरीक, औषधोपचार, सगळ्याला हैदराबाद. आमच्या नानी आपल्या अम्मींचे वय सांगताना म्हणायच्या, "तुग्यानीच्या साली ती अंगावर पीत होती." लहानपणी आम्हाला वाटे, तुग्यानी ही कुणी बाई असावी. पुढे उर्दू शिकलो तेव्हा अर्थ कळला. पुराला उर्दूत सैलाबही म्हणतात, पण हैदराबादकरांनी त्या पुराला नाव दिले ते तुग्यानी. तुग्यानी म्हणजे हद्द ओलांडणे, मर्यादा सोडून उफाळणे. मराठीत "नदीने पात्र सोडले" असे आपण म्हणतो, ते या शब्दाच्या अगदी जवळचे आहे.

नानी आता नाहीत. त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे आमच्या खाला, लग्न होऊन हैदराबादेत गेल्या त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. त्यांच्याकडे जायचे हे निमित्त होते. खरे काम वेगळे होते, ते पुढे येईलच.

रात्रीच्या गाडीने नांदेडहून निघून सकाळी काचीगुड्याला उतरलो. सोबत अम्मी, मुलांचे अब्बा, नववीतली थोरली आणि सहावीतला धाकटा. धाकट्याला आम्ही गाडीतच झाडाची गोष्ट सांगितली होती. शिक्षकाचे मूल, त्यामुळे शंका तयारच होती. "अम्मी, एका झाडावर दीडशे माणसे कशी मावतील?" झाडाखाली उभे राहून त्याने मान वर केली, जाडजूड बुंधा आणि आडव्या गेलेल्या फांद्या पाहिल्या आणि मग काही बोलला नाही. बुंध्याभोवती एक फेरी मारून आला. आकडा मोजून घेणारे तेव्हा कुणी नव्हते. शंभर असतील, दोनशे असतील. चिंचेचे लाकूड चिवट असते, मुळे खोल जातात, हे मात्र आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. दरवर्षी २८ सप्टेंबरला शहराच्या इतिहासाची ओढ असलेली माणसे या झाडाखाली जमून त्या दिवसाची आठवण काढतात.

तो दिवस सोमवार होता. हिजरी १३२६ चा रमजान नुकताच लागला होता. आदल्या दिवसांपासून पाऊस धरलेलाच होता आणि शमशाबादच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत १२.८ इंच, अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. आजच्या मापाने हे दोन दिवसांत साधारण ४८० मिलीमीटर होते. आपल्याकडच्या बऱ्या पावसाळ्यात चार महिन्यांत जेवढा पाऊस पडतो, त्याच्या निम्म्याहून जास्त. रोजे सुरू झालेले, सहरीला उठण्याची घरोघर गडबड असायची ती वेळ, आणि त्याच पहाटे नदी शहरात शिरली. कोलसावाडी, घांसी बाजार या काठच्या वस्त्या गेल्या. पेटला बुरुजावर बायकामुलांनी आसरा घेतला होता, शहराच्या तटाचा तो भक्कम बुरुज. तोही ढासळला आणि वरची माणसे पाण्यात गेली. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल, चादरघाट पूल, तिन्ही वाहून गेले. मृतांचा आकडा साधारण पंधरा हजार सांगतात, काही जण त्याहून बराच मोठा सांगतात.

आम्ही वर्गात अमजद हैदराबादी यांच्या रुबाया शिकवतो. उर्दू रुबाईचे नाव काढले की अमजद यांचे नाव येतेच. मुलांना त्यांची शांत, समजूतदार भाषा आवडते. फार कमी जणांना ठाऊक असते की या माणसाची आई, पत्नी आणि मुलगी त्या एका दिवशी मूसीने नेली, आणि ते एकटे उरले. त्यावर त्यांनी 'कयामत-ए-सुगरा' ही नज्म लिहिली. सुगरा म्हणजे छोटी. छोटी कयामत. त्यानंतर अर्धे शतक ते जगले, १९६१ मध्ये गेले. झाडाखाली थोरलीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "हे तुम्ही वर्गात का सांगत नाही?" तिचे म्हणणे बरोबर होते. पाठाखालच्या कविपरिचयात जन्म, मृत्यू आणि पुस्तकांची नावे असतात, तेवढेच आम्ही वाचून दाखवतो.

त्या वेळी गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते. त्यांनी वाड्यांचे दरवाजे उघडले, शहरात जागोजाग अन्नाची सोय झाली आणि तिथे हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. नदी शांत व्हावी म्हणून पंडितांच्या सांगण्यावरून त्यांनी मूसीला साडी आणि दागिने वाहिले, अशीही गोष्ट शहरात सांगतात. आमच्या अम्मींना ती मुळीच पसंत नाही. खालांच्या शेजारच्या तेलुगू वहिनींना मात्र ती फार आवडते. गोष्ट कशीही असो, तीन वर्षांनी, १९११ मध्ये महबूब अली खान वारले. लोकांनी आपल्या राजाविषयी एवढ्या मायेने गोष्टी रचाव्यात, यामागे त्या दिवसांत वाटलेले अन्न असणारच.

आता थोडे हिशेबाचे. कंटाळा करू नका, कारण आमच्या सगळ्या सहलीचे सार यातच होते.

मूसी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगवते. शहराच्या थोडे अलीकडे तिला ईसी नावाची नदी येऊन मिळते. मूसी आणि ईसी! नावांची ही जोडी ऐकून मुले हसली, कुणालाही मूसा आणि ईसा या दोन पैगंबरांची आठवण येणारच. जुन्या कथांमध्ये मूसीचे नाव मुचकुंदा आहे. या दोन नद्यांना पाणी पुरवणारे शहराच्या वरचे खोरे ८६२ चौरस मैलांचे, आणि त्यात तेव्हा ७८८ तलाव होते. जवळजवळ दर मैलाला एक. काकतीयांपासून कुतुबशाहीपर्यंत दख्खनच्या राज्यकर्त्यांनी तलाव बांधण्याची रीत पाळली, शेती त्यावरच चाले. एका तलावाच्या सांडव्यातून पाणी पुढच्या तलावात, तिथून त्याच्या पुढच्या. पण त्या सप्टेंबरात वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळे, तोही फुटे, आणि दोघांचे मिळून तिसऱ्यावर. असे २२१ तलाव फुटले, त्यातले १८२ ईसीच्या खोऱ्यातले. म्हणजे शहरावर आले ते नुसते आभाळातले पाणी नव्हते. माणसाने साठवलेले, आणि ज्याचे बांध वेळेवर कुणी पाहिले नव्हते, असे ते पाणी होते.

पूर ऐन भरात होता तेव्हा सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी जात होते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. धाकट्याने वहीत गुणाकार केला, सेकंदाला जवळपास एक कोटी वीस लाख लिटर. लातूर-नांदेडच्या मुलांना पाण्याचे एकच माप खरे कळते, ते म्हणजे टँकर. दहा हजार लिटरचा एक धरला तर सेकंदाला बाराशे टँकर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आले ते आठवणाऱ्या आमच्या घराने हा आकडा ऐकून काही वेळ गप्प बसणे साहजिक होते.

हा तलावांचा हिशेब मांडणारे होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपल्याकडे त्यांचे नाव खडकवासल्याशी जोडलेले आहे. पुण्यात शिकले, मुंबई इलाख्यात नोकरी केली आणि १९०३ मध्ये खडकवासला धरणाला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. ते नोकरीतून मोकळे होऊन युरोपात फिरत असताना हैदराबादचे बोलावणे गेले. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते आले, गावोगाव फिरून कुठे किती पाऊस, कुठला तलाव कधी फुटला याची माहिती जमवली आणि ऑक्टोबरात अहवाल दिला. शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधा, एक मूसीवर, एक ईसीवर. पूर आला की पाणी तिथे थोपवा, नदीला झेपेल एवढेच हळूहळू सोडा. खाली शहरात काठ उंच करा आणि दोन्ही बाजूंना रुंद रस्ते आणि बागा ठेवा. (त्याच खडकवासल्याचे धरण १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटून आलेल्या लोंढ्यात गेले, हे पुण्याच्या वाचकांना सांगायला नको.)

हे वाचून ज्यांना मूसीकाठी फिरावेसे वाटेल त्यांच्यासाठी आमचा रस्ता सांगतो. सकाळी लवकर पुराना पुलावर जावे. १५७८ मध्ये इब्राहिम कुतुबशहाने बांधलेला बावीस कमानींचा हा पूल, चारमिनारहून तेरा वर्षांनी थोरला. बाकीचे पूल गेले तेव्हा हा धक्के खाऊनही उभा राहिला. आता त्यावर भाजीबाजार भरतो. शाहजादा मुहम्मद कुली पुरातून घोडा घालून भागमतीला भेटायला जाई म्हणून बापाने पूल बांधला, असे रिक्षावाला सांगेल. पूल झाला तेव्हा शाहजाद्याचे वय बारा-तेरा वर्षांचे होते, एवढे लक्षात ठेवून ऐकावे. अम्मींनी तिथे पावशेर हिरव्या मिरच्या घेतल्या, साडेचारशे वर्षांच्या पुलावरची खरेदी म्हणून.

तिथून काठाने पूर्वेकडे यावे. दक्षिणेच्या काठावर सिटी कॉलेज आणि हायकोर्ट, समोर उत्तरेला उस्मानिया दवाखाना. हायकोर्ट आणि दवाखाना, दोन्ही इमारती व्हिन्सेंट एश या वास्तुकाराने रचल्या. अफजलगंजला जुने आसफिया, आताचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. पाहणाऱ्याला वाटते, नदीचा काठ सुंदर दिसावा म्हणून हे उभारले. ते खरेच आहे, पण आधी पुराने तिथले सगळे साफ केले होते. १९१२ मध्ये शहर सुधारणेसाठी मंडळ नेमले गेले आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात काठ नव्याने उभा राहिला. दवाखान्याचे घुमट अजूनही लांबून नजर खिळवतात. जवळ गेल्यावर मात्र जीव तुटतो. २०२० च्या जुलैत पावसाचे आणि गटाराचे पाणी वॉर्डांत शिरले, आणि जुनी इमारत रिकामी करण्यात आली. उस्मानिया बिस्किट या दवाखान्यातल्या रुग्णांसाठी म्हणून तयार झाले, असे म्हणतात. इराणी चहासोबत ती आम्ही पुष्कळ खाल्ली.

सालारजंग संग्रहालय नया पुलाजवळ नदीलाच लागून आहे. शुक्रवारी बंद असते, चौमहल्ला पॅलेसही, तेव्हा शुक्रवार धरून सहल आखू नका. तासाचे ठोके देणारे घड्याळ पाहायला गर्दी होते, वेळेच्या पंधरा मिनिटे आधी जागा धरा. 'व्हेल्ड रिबेका' या संगमरवरी पुतळ्यापुढे अम्मी बराच वेळ उभ्या होत्या. दगडाची ओढणी आणि तिच्याआडचा चेहरा दिसतो. "हे हातांनी केले?" असे त्या तीनदा म्हणाल्या. चारमिनार, मक्का मशीद, लाड बाजार यांविषयी आम्ही नव्याने काय लिहिणार? मक्का मशिदीत जुहरची नमाज झाली, दुपारचे ऊन त्या दगडी अंगणात फार कडक लागते, लहान मुले असतील तर मोजे ठेवा. गोवळकोंड्याला वेळ पुरला नाही. पुरानी हवेलीत महबूब अली खान यांची लांबच लांब कपाटांची खोली पाहिली, आणि तीत फिरताना आम्हाला राहून राहून पुराच्या दिवशीचे दरवाजे उघडणारा हाच माणूस, हे आठवत होते.

काठाने आणखी पुढे गेलात की नदीच्या पात्रालाच खेटून महात्मा गांधी बसस्थानक आहे. आपल्या एसटीच्या गाड्याही तिथेच लागतात. आमच्या जाण्याच्या महिनाभर आधी, २०२५ च्या २६ सप्टेंबरच्या रात्री वरच्या जलाशयांचे दरवाजे उघडले गेले आणि या स्थानकात पाणी भरले, प्रवासी अडकले. २८ तारखेला दोनच दिवस बाकी होते.

आता खालांच्या घरी चला.

खाला राहतात ती वस्ती जुन्या शहराच्या दक्षिणेला, हाफिज बाबा नगरच्या बाजूला आहे. वरच्या अंगाला गुर्रम चेरुवू नावाचा तलाव आहे. गुर्रम म्हणजे घोडा, चेरुवू म्हणजे तलाव. २०२० च्या ऑक्टोबरात १३ आणि १४ तारखेला शहरावर प्रचंड पाऊस झाला, पल्ले चेरुवूचा बांध फुटून खालच्या वस्त्यांत माणसे गेली. चार दिवसांनी, १७ च्या रात्री, गुर्रम चेरुवूही फुटला. खालांच्या घरात पाणी छातीपर्यंत आले. खालू तेव्हा हयात होते, त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. मुलाने आणि शेजारच्या दोन पोरांनी त्यांना खुर्चीसकट गच्चीवर नेले. नातीच्या लग्नाच्या दोन पेट्या, शिवणयंत्र, खालूंची सगळी पुस्तके चिखलात गेली. भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा ती खालून पुन्हा उमटली. धाकटा रेघेशी पाठ लावून उभा राहिला. ती त्याच्या डोक्याच्या वर चार बोटे होती.

आमचे खालाजाद भाऊ घर विकून उंचावरच्या भागात भाड्याने जाऊ म्हणतात. खाला ऐकत नाहीत. आम्हाला बोलावले होते ते याचसाठी. आपा शिकलेल्या आहेत, त्या समजावतील.

आम्ही समजावले. सकाळपासून डोक्यात ७८८ तलाव घोळत होते, तेच सांगितले. एकशे सतरा वर्षांपूर्वी जे झाले तेच हे आहे, खाला. वरचा तलाव फुटतो, खालचे घर जाते. तुमचे घर पाण्याच्या जुन्या वाटेवर आहे. पाणी आपली वाट विसरत नाही. आम्ही अगदी वर्गात बोलावे तसे बोललो.

खाला ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "हौ बेटा, पानी की राह पे घर है. मगर हमकू प्लाट बेचे सो लोगां तो ये बोले नै. नकशा दिखाए, कागद दिखाए. तेरे खालू की पेन्शन के पैसे थे." मग थोड्या वेळाने, "आणि तुमच्या नांदेडात गोदावरी येतेच की. तुम्ही कधी गाव सोडलं?" हे शेवटचे त्या मराठीत बोलल्या. रागावल्या की त्यांना माहेरची भाषा आठवते.

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही ज्या पाण्याच्या वाटेची गोष्ट सांगत होतो, ती खालांना आमच्याहून चांगली ठाऊक होती, त्या तिच्यात छातीपर्यंत उभ्या राहिल्या होत्या. अशा घराला गिऱ्हाईक मिळते ते निम्म्या भावाने, आणि तेही कुणीतरी अडलेलेच, ज्याला पाण्याचे सांगितले तर घेणार नाही आणि न सांगता विकणे खालांना मंजूर नाही. भाऊ म्हणाले, सांगू नका. खाला उठून आत गेल्या. त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी भावाने रिक्षा केली आणि आम्हा सगळ्यांना गंडीपेटला नेले. खालाही आल्या, हे विशेष. शहराच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर हा उस्मान सागर, मूसीवरचा, १९२० मध्ये पुरा झालेला. जवळच ईसीवरचा हिमायत सागर, १९२७ चा. विश्वेश्वरय्यांनी सांगितलेले हेच ते दोन जलाशय. पुढे या दोघांनी शहराला पिण्याचे पाणीही दिले. "गंडीपेटचे पाणी प्यायले तो हैदराबाद सोडून जात नाही" असे तिथे म्हणतात. बांधावर वारा चांगला होता. पाणी काठोकाठ भरलेले, बगळे, दूरवर उंच नव्या इमारती. मुलांनी भाजलेले मक्याचे कणीस खाल्ले. जलाशयांच्या आसपास दहा किलोमीटरांत मोठी बांधकामे नकोत असा १११ क्रमांकाचा सरकारी आदेश १९९६ मध्ये निघाला होता. २०२२ मध्ये ती बंधने सैल केली गेली. भाऊ बांधकामाच्या साहित्याच्या दुकानात हिशेब लिहितात. ते म्हणाले, "आपा, आमचा अर्धा माल आता इकडेच येतो."

खाला कठड्याला धरून पाण्याकडे पाहत होत्या. चाळीस वर्षांत त्या गंडीपेटला दुसऱ्यांदाच येत होत्या. पहिल्यांदा लग्नानंतर खालूंबरोबर. त्यांनी विचारले, "हे पाणी सोडतात तेव्हा आधी कळवतात का?" भाऊ म्हणाले, सायरन वाजवतात, टीव्हीवर येते, मोबाइलवरही. "आणि गुर्रम चेरुवूचं?" भाऊ गप्प राहिले. मोठ्या धरणावर माणूस असतो, दरवाज्याला चाक असते, पाण्याची पातळी दर तासाला लिहिली जाते. ७८८ मधल्या एखाद्या तलावावर कोण असतो? विश्वेश्वरय्यांनी ज्या तलावांची मोजदाद केली, त्यांतल्या कितीकांच्या पोटात आज वस्त्या आहेत. तलाव भरून प्लॉट पाडणारे वेगळे आणि तिथे राहणारे वेगळे, हे खालांनी आदल्या रात्रीच सांगितले होते. आम्ही तेव्हा नीट ऐकले नव्हते.

परतताना रिक्षात त्यांनी आपणहून विषय काढला. घर आत्ता विकणार नाही. पण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खाली कुणी झोपायचे नाही, स्वयंपाक वर, शिवणयंत्र वर. गच्चीवर पत्र्याची खोली काढायची, त्यासाठी कानातले मोडायचे. गुर्रम चेरुवूच्या बांधाकडे राहणारी त्यांची एक मैत्रीण आहे, पावसात रोज संध्याकाळी तिने फोन करायचा, पाणी सांडव्याला लागले की नाही. मोहल्ल्यातल्या बायकांची एक यादी करायची, कुणाच्या घरी म्हातारे आहेत, कुणाच्या घरी बाळंतीण, कोणाला कोणी उचलायचे. यादी थोरलीने रिक्षातच लिहायला घेतली, उर्दूत, कारण खालांना तीच वाचता येते. अकरा घरे झाली तेव्हा चारमिनार आला. भाऊ पुढे बसून काही बोलत नव्हते, पण कानातले मोडू नका, पत्र्याचे मी पाहतो, एवढे म्हणाले.

निघायच्या दिवशी आम्ही पुन्हा त्या चिंचेखाली गेलो, कारण अम्मी पहिल्या दिवशी थकून दवाखान्याच्या फाटकाशीच बसल्या होत्या. खालाही आल्या. दोघी बहिणी बुंध्याला हात लावून उभ्या होत्या. नानीच्या अम्मींना, त्या तान्ह्या मुलीला, तुग्यानीत कुणी कुठे नेले होते, याची चर्चा चालली होती. एकीचे म्हणणे पुरानी हवेलीकडे, दुसरीचे म्हणणे बेगम बाजारातल्या कुणा मारवाड्याच्या माडीवर. त्यावर त्यांचे चांगलेच वाजले.

स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी खालांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळलेली एक फाईल काढून आमच्या हातात दिली. घराची रजिस्ट्री, त्यांचा निकाहनामा, खालूंची पेन्शनची कागदे, नातींच्या शाळेचे दाखले. "हे तुझ्याकडं राहू दे," म्हणाल्या. फाईल आता आमच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. त्यांनी पोहोचल्याचा फोन घेतला तेव्हा पहिला प्रश्न तोच होता, "वर ठेवली ना?"